लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया आणि विम्याचा जुना मापदंड

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेचा खर्च देण्यास विमा कंपनीने नकार दिला, की घरातील चर्चा एका दिवसात आजारावरून पैशांवर जाते. डॉक्टरांनी शस्त्रक्रिया का सुचवली होती हे मागे पडते आणि कंपनी देत नाही त्याअर्थी ती गरजेची नसावी, असे घरातलीच माणसे बोलू लागतात. माझ्या धाकट्या बहिणीच्या बाबतीत गेले काही महिने आम्ही हेच अनुभवत आहोत. ज्या नियमावर बोट ठेवून हा नकार दिला जातो, तो भारतीय शरीराचा विचार करून केलेला नाही. तो बदलायला हवा आणि तो बदलेपर्यंत कोणत्याही कुटुंबाने त्या नकाराला वैद्यकीय मत समजू नये, एवढे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

बहीण ४६ वर्षांची आहे आणि नाशिक रोड येथील एका पतसंस्थेत नोकरी करते. उंची १५८ सेंटिमीटर, वजन ९३ किलो, म्हणजे बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) ३७ च्या थोडा वर. मधुमेह जुना असून सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन आणि शिवाय गोळ्या चालू आहेत. गुडघे झिजले आहेत. रात्री झोपेत श्वास अडकतो; झोपेच्या तपासणीत तासाला २६ वेळा श्वास थांबत किंवा मंदावत असल्याचे आढळले. घर दुसऱ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट नाही, त्यामुळे भाजीची पिशवी घेऊन येताना ती मधल्या वळणावर कठडा धरून उभी राहते आणि शेजारचे कोणी आले तर फोन पाहत असल्याचे दाखवते. तिने प्रयत्न केले नाहीत असे म्हणणाऱ्यांनी तिची फाइल पाहावी. आहारतज्ज्ञांनी लिहून दिलेल्या तक्त्यांमागे तिची स्वतःची वही आहे आणि तीत रोजचे जेवण आणि त्यापुढे शुगरचा आकडा तिच्या बारीक अक्षरात लिहिलेला आहे : अर्धी भाकरी, मेथी, मूग, ताक. वजन काही किलोंनी उतरले आणि पुन्हा चढले, असे एकदा नव्हे, अनेकदा झाले.

तिच्या मधुमेहतज्ज्ञांनी आणि नंतर शल्यचिकित्सकांनी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे जठर लहान करून अन्नाचा मार्ग बदलणारी शस्त्रक्रिया, सुचवली. घराची आरोग्य विमा पॉलिसी गेली अनेक वर्षे खंड न पडता चालू आहे. रुग्णालयाने कॅशलेससाठी कागद पाठवले आणि उत्तर आले ते दीड ओळीचे : लठ्ठपणावरील उपचार पॉलिसीतून वगळलेले आहेत. हे उत्तर अपुरे आहे, हे बहुतेकांना माहीत नसते, म्हणून नियम नेमका काय आहे तो सांगते.

विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, २०१९ मध्ये आरोग्य विम्यातील वगळणुकीच्या कलमांचे शब्द सर्व कंपन्यांसाठी एकसारखे केले. त्यातील सहाव्या क्रमांकाचे कलम लठ्ठपणाबाबत आहे. लठ्ठपणावरील शस्त्रक्रिया सरसकट वगळावी असे ते म्हणत नाही. काही अटी पूर्ण होत नसतील तरच वगळावी, असे म्हणते. शस्त्रक्रिया डॉक्टरांच्या सल्ल्याने असावी, तिला वैद्यकीय कार्यप्रणालीचा आधार असावा, रुग्ण १८ वर्षे पूर्ण झालेला असावा आणि त्याचा बीएमआय ४० किंवा अधिक असावा. बीएमआय ३५ ते ४० च्या दरम्यान असेल, तर शस्त्रक्रियेपेक्षा सौम्य उपाय करूनही वजन उतरले नसल्याचे दाखवावे लागते आणि चारपैकी एक तरी गंभीर आजार सोबत असावा लागतो : लठ्ठपणामुळे झालेला हृदयाच्या स्नायूंचा विकार, हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा विकार, तीव्र स्वरूपाचा झोपेतील श्वसनरोध, किंवा नियंत्रणात नसलेला टाइप २ मधुमेह.

आता ही अट माझ्या बहिणीला लावून पाहावी. तिचा श्वसनरोध तासाला २६ चा आहे आणि ‘तीव्र’ हा शब्द ३० पासून पुढे लागतो, म्हणून तो गणला जात नाही. तिची तीन महिन्यांची सरासरी साखर इन्सुलिनच्या वाढत्या मात्रेवर आज आटोक्यात आहे, म्हणून मधुमेहही गणला जात नाही. इन्सुलिनमुळे वजन वाढायला मदत होते आणि वजन वाढले की इन्सुलिन वाढवावे लागते, हे तिचे डॉक्टर सांगतात. पण कलमाला त्याच्याशी देणेघेणे नाही. ती पथ्य पाळते, वेळेवर इंजेक्शन घेते, वही लिहिते, आणि नेमके त्यामुळेच ती अपात्र ठरते. गुडघ्यांची झीज, उच्च रक्तदाब, यकृतावरील चरबी, पीसीओडी यांचा तर त्या चार आजारांत उल्लेखच नाही. तिच्या उंचीला बीएमआय ४० होण्यासाठी वजन जवळपास १०० किलो असावे लागते, म्हणजे आणखी सात किलो वाढले तर ती कोणत्याही आजाराशिवाय पात्र ठरेल. तसा सल्ला आम्हाला एका परिचिताने खरोखर दिला आणि अनेक रुग्णांना तो मिळत असणार. शल्यचिकित्सक मात्र शस्त्रक्रियेआधी काही आठवडे कमी उष्मांकाचा आहार देऊन यकृताचा आकार कमी करायला सांगतात, कारण मोठ्या यकृतामुळे शस्त्रक्रिया अवघड आणि धोक्याची होते. विम्यासाठी वजन वाढवण्याचा विचार कोणीही मनात आणू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

४० आणि ३५ हे आकडे आले कोठून? अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९९१ मध्ये तज्ज्ञांची बैठक घेऊन ते ठरवले. त्या काळी या शस्त्रक्रिया पोट उघडून केल्या जात आणि धोका आजच्यापेक्षा मोठा होता. त्यानंतर दुर्बिणीतून होणारी शस्त्रक्रिया रूढ झाली. २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञगटाने आशियाई लोकांसाठी बीएमआयचे २३, २७.५, ३२.५ आणि ३७.५ असे वेगळे टप्पे सुचवले. २००९ मध्ये भारतीय तज्ज्ञांच्या सहमतीपत्रात शस्त्रक्रियेसाठी सोबत आजार असल्यास ३२.५ आणि नसल्यास ३७.५ ही मर्यादा सुचवली गेली. पुढे २०२२ मध्ये अमेरिकी आणि जागतिक पातळीवरील लठ्ठपणा-शस्त्रक्रियांच्या दोन मोठ्या बॅरिअ‍ॅट्रिक संघटनांनी संयुक्तपणे १९९१ चे निकष मागे टाकले : बीएमआय ३५ असेल तर इतर आजार असोत वा नसोत शस्त्रक्रियेची शिफारस करावी आणि आशियाई लोकांच्या बाबतीत २७.५ पासूनच तिचा पर्याय पुढे ठेवावा. माझी बहीण आशियाई निकषांवर पात्र आहेच. पण पाश्चात्त्य देशांसाठीच्या नव्या निकषावरही ती पात्र आहे. ज्या निकषावर ती अपात्र ठरते तो पस्तीसेक वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आपल्याकडे २०१९ मध्ये, भारतीय सहमतीपत्र निघून दहा वर्षे झाल्यावर, कलमात घालण्यात आला.

भारतीय शरीर वेगळे आहे हे सांगायला दूर जाण्याचीही गरज नाही. पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचे आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचे छायाचित्र शेजारी शेजारी छापले होते. दोघांचाही बीएमआय २२.३, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. एकाच बीएमआयवर आपल्या शरीरात चरबी अधिक, तीही पोटाभोवती, आणि मधुमेह लवकर, ही गोष्ट महाराष्ट्रातूनच जगापुढे गेली. मग महाराष्ट्रातल्या रुग्णाला तिच्या विम्यात गोऱ्या माणसाच्या शरीराचे माप का लावावे?

नियम बदलायला वेळ लागेल, याची मला कल्पना आहे. तोवर ज्यांच्या हातात नकाराचे पत्र आहे त्यांनी काय करावे, याविषयी आम्ही जे शिकलो ते सांगते. कॅशलेस नाकारणे आणि दावा नाकारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कॅशलेस नाकारले तरी नंतर कागदपत्रे देऊन परताव्याची मागणी करता येते. नकार कोणत्या कलमाखाली आणि कोणती अट अपूर्ण राहिल्यामुळे आहे, हे लेखी मागावे. आयआरडीएआयच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार दावा नाकारताना पॉलिसीतील नेमक्या अटींचा संदर्भ देणे कंपनीवर बंधनकारक आहे आणि कंपनीच्या पुनरावलोकन समितीच्या मंजुरीवाचून दावा नाकारता येत नाही. आम्ही लेखी मागणी केल्यावरच बीएमआयचा आणि चार आजारांचा खुलासा आला. काहींना असे कळेल की नकार बीएमआयमुळे नसून प्रतीक्षा काळामुळे, म्हणजे पॉलिसी घेतल्यावर ज्या काळात दावा चालत नाही त्यामुळे, आहे. पूर्वीपासूनच्या आजारांसाठी हा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, तेव्हा थोडे थांबल्यास तोच दावा मंजूर होऊ शकतो. काहींना आजार लपवल्याचे कारण दिले जाईल. पॉलिसी सलग पाच वर्षे चालू असेल, तर फसवणूक सिद्ध झाल्याशिवाय त्या कारणाने दावा नाकारता येत नाही. ज्यांनी पॉलिसी नुकतीच घेतली आहे किंवा घेणार आहेत त्यांनी मात्र प्रस्ताव अर्जात आपले खरे वजन लिहिले गेले आहे ना, हे स्वतः पाहावे. एजंट घाईघाईत ‘६५ किलो’ लिहून मोकळा होतो आणि त्याचा भुर्दंड पुढे रुग्णाला बसतो.

कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करून महिनाभरात समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे, म्हणजे विमा कंपन्यांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या अधिकाऱ्यांकडे, जाता येते. नाशिक जिल्हा पुणे येथील लोकपाल कार्यालयाच्या कक्षेत येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो, शुल्क नाही, वकील लागत नाही. नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज करावा लागतो आणि ५० लाखांपर्यंतचे दावे तेथे चालतात. लोकपालांचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो आणि तो ३० दिवसांत अमलात आणला नाही, तर कंपनीला तक्रारदारास दिवसाला पाच हजार रुपये द्यावे लागतात. जिल्हा ग्राहक आयोगाचा मार्गही आहे. मात्र तेथे प्रकरण दाखल केले की लोकपाल तेच प्रकरण हाती घेत नाहीत, म्हणून क्रम विचारपूर्वक ठरवावा. हेही स्पष्ट सांगायला हवे, की लोकपाल पॉलिसीच्या अटी बदलू शकत नाहीत. अटी पूर्ण होत असूनही नकार मिळाला असेल त्यांना तेथे चांगली आशा आहे. माझ्या बहिणीसारख्यांना, गेल्या दोन-तीन वर्षांतील साखरेचे चढे अहवाल आणि इन्सुलिनची वाढत गेलेली मात्रा पुढे ठेवून मधुमेह खऱ्या अर्थाने नियंत्रणात नाही, हे पटवून द्यावे लागेल. तिच्या मधुमेहतज्ज्ञांनी तसे सविस्तर पत्र दिले आहे आणि आमचा अर्ज गेला आहे.

तोवर इतर पर्यायांचा विचार थांबत नाही. स्वतःच्या पैशाने शस्त्रक्रिया करायची तर आम्हाला सांगितले गेलेले अंदाज तीन ते साडेचार लाखांच्या घरातले आहेत. येथे सर्वांत स्वस्त पॅकेज शोधण्याचा मोह होतो. त्या पॅकेजमध्ये स्टेपलरचा, म्हणजे जठर कापून टाके घालणाऱ्या उपकरणाचा, खर्च धरला आहे का, अतिदक्षता विभागात जास्त दिवस राहावे लागल्यास काय, आणि टाक्यांच्या रेषेतून गळती झाल्यास पुढचा खर्च कोणाचा, हे तीन प्रश्न लेखी विचारावेत. गळती क्वचित होते, पण झाली तर गंभीर असते. आणि मूळ शस्त्रक्रिया विम्याबाहेर असेल, तर तिच्या गुंतागुंतीचा खर्च कंपनी देईल का, हेही आधीच लेखी विचारून ठेवावे. म्हणून हाताशी असलेल्या सगळ्या पैशाचे पॅकेज घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. काही रक्कम बाजूला राहत नसेल, तर थोडे थांबणे बरे. स्वस्त पडते म्हणून दूरच्या शहरात जाणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. ही गुंतागुंत बऱ्याचदा घरी आल्यानंतर पहिल्या काही आठवड्यांत होते. रात्री दोन वाजता पोटात दुखू लागले आणि नाडी जोरात चालू लागली, तर कसारा घाट उतरून मुंबईला जायचे, की ज्यांनी शस्त्रक्रिया केलेली नाही अशा नाशिकच्या डॉक्टरांकडे जायचे? शस्त्रक्रिया कोठेही झाली तरी नाशिकमध्ये आपल्याला कोण पाहणार, हे नाव आधी ठरलेले असावे. मुंबईत जे. जे. रुग्णालयासारख्या शासकीय रुग्णालयांतही ही शस्त्रक्रिया होते. ज्यांना खासगी खर्च झेपणारा नाही त्यांनी तेथे चौकशी केल्यावाचून कर्जाच्या कागदावर सही करू नये.

शस्त्रक्रियेचा खर्च एकदाच होतो, हाही गैरसमज आहे. स्लीव्ह प्रकारात जठराचा सुमारे तीन चतुर्थांश भाग कायमचा काढला जातो. बायपासमध्ये अन्नाचा मार्गच बदलतो. दोन्हींनंतर बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व आयुष्यभर घ्यावे लागते आणि ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जायला हवीत, आणि आमच्यासारख्या शाकाहारी घरात लहानशा जठरातून ती वरण-भातावर भागत नाहीत. ज्यांना आधीपासून आम्लपित्ताचा आणि घशाशी येण्याचा मोठा त्रास आहे त्यांचा तो स्लीव्हनंतर वाढू शकतो, म्हणून कोणती शस्त्रक्रिया हे पॅकेजच्या किमतीवर ठरवू नये.

वजन उतरवणारी नवी इंजेक्शने हा आता गंभीरपणे विचार करण्याजोगा पर्याय झाला आहे. टिर्झेपटाइड मार्च २०२५ मध्ये भारतात आले तेव्हा पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ४,३७५ रुपये होती. आठवड्याला एक, म्हणजे चार आठवड्यांना साडेसतरा हजार आणि वर्षाला सव्वादोन लाखांच्या थोडे वर. त्या दराने दोन वर्षांत शस्त्रक्रियेइतकेच पैसे होतात आणि बाह्यरुग्ण औषधांचा खर्च बहुतेक पॉलिसी देत नाहीत. याच प्रकारच्या सेमाग्लुटाइड या औषधाच्या भारतातील पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच होती, त्यामुळे त्या औषधाच्या किमतींकडे लक्ष ठेवणे शहाणपणाचे आहे. परंतु औषध थांबवल्यावर उतरलेल्या वजनाचा मोठा भाग वर्षभरात परत येतो, असे सेमाग्लुटाइडच्या अभ्यासात दिसले आहे. म्हणजे हा निर्णय एका वर्षाच्या बजेटवर घेता येत नाही. भूक कमी व्हावी म्हणून जठरात फुगा ठेवण्याचाही पर्याय असतो, पण तो काही महिन्यांनी काढावाच लागतो. बहिणीच्या डॉक्टरांनी तिच्यासाठी तो सुचवला नाही.

बहिणीने सध्या असे ठरवले आहे की लोकपालांचा निर्णय येईपर्यंत मधुमेहतज्ज्ञांच्या देखरेखीखाली वजनाचे नवे इंजेक्शन घ्यायचे, श्वसनरोधासाठी रात्री सीपॅप यंत्र (हवेच्या दाबाने श्वासमार्ग उघडा ठेवणारे) लावायचे आणि नकार कायम राहिला तर मुदत ठेव मोडून शस्त्रक्रिया करायची, दागिने आणि वैयक्तिक कर्ज यांना हात लावायचा नाही. हा तिचा निर्णय आहे. दुसऱ्या घरात तो वेगळा असू शकतो. पण तो तिने आजार समोर ठेवून घेतला आहे, आणि नकाराच्या पत्रानंतर घरात ज्या सुरात बोलणे सुरू झाले होते त्या सुराला ती बळी पडली नाही, याचे मला फार समाधान आहे.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या फेरीत देशातील २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुष अतिवजनाचे किंवा लठ्ठ आढळले. या सर्वांना शस्त्रक्रिया लागणार नाही, थोड्यांनाच लागेल. परंतु त्या थोड्यांना आपल्याच देशातील तज्ज्ञांनी सुचवलेल्या मापाने मोजावे, एवढी अपेक्षा गैर नाही. आयआरडीएआयने सहाव्या कलमातील आकडे ३७.५ आणि ३२.५ करावेत, सोबतच्या आजारांत उच्च रक्तदाब, यकृताचा विकार आणि सांध्यांची झीज यांचा समावेश करावा आणि ‘नियंत्रणात नसलेला मधुमेह’ ठरवताना तो किती औषधांवर नियंत्रणात आहे हेही पाहावे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच आहे. त्याने या विषयावर राज्यातील शल्यचिकित्सक आणि मधुमेहतज्ज्ञ यांचे एकत्रित मत नियामकाकडे पाठवले, तर त्याला वजन येईल. आपल्या जिल्ह्यातील खासदारांनी हा प्रश्न संसदेत विचारावा. आणि सातपूर, अंबडच्या कारखान्यांतील कामगार संघटनांना एक सुचवावेसे वाटते : गट विम्याचे नूतनीकरण दरवर्षी होते आणि त्याच्या अटी व्यवस्थापन व कंपनी यांच्यात ठरतात, तेव्हा पुढच्या नूतनीकरणाच्या वेळी या शस्त्रक्रियेसाठी भारतीय निकष लावण्याची मागणी कराराच्या चर्चेत ठेवता येईल. त्यासाठी दिल्लीतील सरकारच्या किंवा हैदराबादेतील विमा नियामकाच्या परवानगीची वाट पाहावी लागणार नाही.

आपली नम्र,
एक वाचक, नाशिक रोड

(पत्रात बहिणीच्या आजारपणाचा तपशील असल्याने नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती.)